न वाजणाऱ्या घंटेचं गणित

त्या वर्षी माझं बूड जागेवर टिकत नव्हतं. एम.एस्सी.ची परीक्षा तोंडावर आलेली, अभ्यासाच्या सुट्टीसाठी मी मुंबईच्या वसतिगृहातून वसईला घरी आलेले, आणि घरात अभ्यास सोडून सगळं करत होते. केळीच्या बागेत फेऱ्या मार, विहिरीवर जाऊन उगाच पाय धू, चुलीपाशी डोकावून आईची बोलणी खा. "एका ठिकानी बस गो, माजं डोकं फिरतंय तुज्यामुले," आई म्हणायची. मी बसायचे, एक पान वाचायचे आणि परत उठायचे.

धास्ती एकाच पेपरची होती. नवीन आलेले एक प्राध्यापक आम्हाला यंत्रांच्या हालचालीचं गणित मॅट्रिक्सने शिकवत. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकट, आडव्या ओळी आणि उभे रकाने. त्यांचं म्हणणं असं, की स्प्रिंगला टांगलेली वजनं घ्या, इंजिनाचा दांडा घ्या, नाहीतर एकाला एक लटकवलेले दोन लंबक घ्या. जे जे हलतं आणि हलताना दुसऱ्याला हलवतं, ते सगळं या चौकटीत बसतं. मग चौकटीलाच विचारायचं, बाई, तुझी स्वतःची चाल कोणती? ती सांगते. मला रीत येत होती, उत्तरंही बरोबर यायची, पण कागदावर काही हलताना दिसायचं नाही. आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा मला लहानपणापासून राग. पन्नास सालानंतरचे ते दिवस. गावात मॅट्रिक झालेली मुलगीसुद्धा कौतुकाची होती, मग मी कुठल्या चौकटीवर चिडले आहे हे सांगणार कोणाला?

घरात मात्र त्याच वेळी दुसरंच रामायण चाललं होतं. आमच्या देवळाची नवी घंटा वाजत नव्हती.

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. या देवळाच्या घंटेची दोरी आमच्या घरात होती, म्हणजे घंटा वाजवायचा मान आमच्या घराचा. आजोबांच्या आधीपासून चालत आलेला. त्याचे पैसे मिळत नसत, पण होळी नावाच्या नाक्यावरच्या बाजारात केळी घेऊन गेलं की लोक बाला "घंटावाले" म्हणून वाट करून देत. बा म्हणजे माझे वडील. बाकी सगळ्या बाबतीत बा साधा बागायतदार, भाऊबंदांत मागे बसणारा, फादरांसमोर बोलताना अडखळणारा. दोरी हातात आली की तो वेगळाच माणूस व्हायचा. मान ताठ, डोळे वर, आणि उजवा हात असा काही खाली यायचा की पाचूबंदरचे कोळी म्हणत, तुमच्या घंटेवर आम्ही जाळी ओढतो.

जुनी घंटा चिरली. ठोका पडला की फुटक्या टोपासारखी वाजायची. गावाने मुंबईच्या जुन्या बाजारातून दुसरी आणली. घंटा देखणी, भरदार, पण आत लोंबणारा, ठोका देणारा लोळाच नव्हता. तेव्हा माझ्या काकाने डोकं चालवलं. काका बाचा धाकटा भाऊ, आवाज मोठा आणि कल्पना त्याहून मोठ्या. किल्ल्याच्या बाजूला शेतं नांगरताना कधीकधी जुने तोफेचे गोळे सापडत. तसा एक गोळा काकाच्या गोठ्यात होता, दाराला अडसर म्हणून. काका म्हणाला, याचाच लोळा करू. लढाईतला गोळा देवाच्या कामाला लागेल, आणि आवाज जाईल थेट अर्नाळ्यापर्यंत! गावाला हे इतकं आवडलं की विचार कोणी केलाच नाही. लोहाराने गोळ्याला दांडा जोडला, लोळा आत टांगला, आणि ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला त्याच आठवड्यात घंटा वर चढली.

फादरांनी आशीर्वाद दिला. बाने क्रूसाची खूण केली, दोरीला हात घातला आणि ओढली. घंटा डावीकडे गेली, उजवीकडे गेली. आवाज नाही. बाने आणखी ओढली. वरच्या तुळया कुरकुरल्या, पारवे उडाले, घंटा डावीउजवीकडे झुलत राहिली, आणि आवाज नाही. सगळा गाव माना वर करून उभा. कोणीतरी मागून म्हणालं, "या सालाला गुड फ्रायडे लवकर आला." गुड फ्रायडेला घंटा मुकी असते ना, म्हणून. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि बा घामाने निथळत ओढतच राहिला.

यावर उपाय सोपा होता असं कोणालाही वाटेल. दोरी सरळ लोळ्यालाच बांधायची आणि ठोके द्यायचे. काकाच्या मोठ्या मुलाने दुसऱ्या दिवशी तेच केलं. माझा हा चुलतभाऊ लग्न झालेला, दोन पोरांचा बाप, बैलासारखा धट्टाकट्टा आणि मनाने अगदी सरळ. त्याने दोरीने लोळाच ओढून ठण् करून एक ठोका दिला, थांबला, दुसरा दिला. थोड्याच वेळात बागांमधून बायका धावत आल्या, कोणाच्या हाताला शेण, कोणाच्या कडेवर पोर. "कोन गेला? कोन गेला?" आमच्या गावात स्थिर घंटेवर एकेक ठोका पडतो तो माणूस मेल्यावरच. सणाला, मिस्सेला म्हणजे देवळातल्या उपासनेला, लग्नाला घंटा झुललीच पाहिजे. एका म्हातारीने तर आपलाच नवरा गेला असं समजून अर्ध्या वाटेत गळा काढला होता, आणि तो तिच्या मागून काठी टेकत येत होता! फादरांनी तो प्रयोग तिथेच बंद केला.

मग कुजबूज सुरू झाली. घंटा नवी, गोळा भक्कम, तुळई नवी; मग जुनं काय राहिलं? बाचा हात. गेल्या पावसाळ्यात माडावरून उतरताना त्याच्या उजव्या खांद्याला हिसका बसला होता. खांदा बरा झाला असं तो म्हणायचा आणि आम्ही माना डोलवायचो. आता काका देवळाच्या पायरीवर बसून मोठ्याने म्हणू लागला, "भावाचं वय झालं. हाताचा काम हाय, त्यात लाज कसली?" फादर भला माणूस, पण त्यांनाही ईस्टरची काळजी. त्यांनी बाला बोलावून सांगितलं, ईस्टरला घंटा वाजली नाही तर दोरी पुतण्याकडे, म्हणजे माझ्या याच चुलतभावाकडे, देऊन बघू.

बा घरी आला आणि त्याने विहिरीवरची दोरी तपासली. दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आत विहिरीवर रहाटगाडग्याचा बैल न जुंपता हातानेच कळशा ओढू लागला. एकामागून एक कळशी वर काढायची आणि परत विहिरीत ओतायची. मला खाटेवर पडल्या पडल्या ते ऐकू यायचं. दोरीचा करकर आवाज, मग पाण्याचा, मग बाचा श्वास. मला इतका संताप यायचा! काकाचा, फादरांचा, त्या घंटेचा, आणि खरं सांगायचं तर बाचाही. भांडत का नाही हा? पुस्तक उघडलं की अक्षरं नाचायची, आणि मी चपला घालून बाहेर पडायचे.

अशाच एका दुपारी मी घंटेच्या मनोऱ्यावर चढले. बायका तिथे चढत नसत. बंदी अशी नव्हती, पण लुगडं सावरत ती शिडी चढायची कोणाला हौस? मी साडीचा ओचा खोचला आणि चढले. खाली चुलतभावाला सांगून ठेवलं होतं, मी हाक मारली की हळूहळू ओढ.

त्याने ओढली. मी तुळईला धरून उभी, तोंडासमोर ती अवाढव्य घंटा येतेय आणि जातेय, आणि मी आत बघतेय. लोळा हलत होता. चांगला झोकात हलत होता! पण घंटा जितकी कलायची तितकाच तोही कलायचा. ती परत फिरली की तोही त्याच क्षणी परत. एकाच आईच्या जुळ्या पोरांनी हात धरून झोका घ्यावा तसे दोघं. घंटेच्या कडेचं आणि गोळ्याचं अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत होतं तेवढंच.

मी वरूनच किंचाळले. चुलतभावाला वाटलं पडले, तो दोरी सोडून शिडीवर धावला.

एकाला एक लटकवलेले दोन लंबक! महिनाभर ज्याच्यावर डोकं आपटत होते तेच उदाहरण माझ्या नाकासमोर झुलत होतं. मी फादरांचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं. लोळा दोरखंडाने बांधून टाकला आणि घंटा एकटी किती वेळात झुलते ते मोजलं. मग घंटा धरून ठेवली आणि लोळा एकटा किती वेळात झुलतो ते मोजलं. कुठून कुठपर्यंत किती लांब, ते सुंभाला गाठी मारून घेतलं. घरी येऊन ओटीवरच्या शेणाच्या जमिनीवर खडूने चौकट मांडली. दोन ओळी, दोन रकाने. आई म्हणाली, आत्ताच सारवलंय मी. मी ऐकलंच नाही.

अशा चौकटीला स्वतःच्या दोनच चाली असतात. दोरीने ओढल्यावर घंटा त्यातली संथ चाल पकडते. त्या चालीत घंटा किती कलते आणि लोळा किती कलतो, हे सांगणारी आकड्यांची एक जोडी येते. माझी जोडी आली एक आणि एक, अगदी केसभर फरकाने. म्हणजे घंटा एक हात तर लोळाही एक हात. काकाचा गोळा, लोहाराचा दांडा आणि ती जुन्या बाजारातली घंटा यांचं माप योगायोगाने असं काही जुळलं होतं की दोघं एकमेकांना शिवणारच नव्हती. जोर दुप्पट केला तर दोघं दुप्पट कलतील, दहापट केला तर दहापट. मधलं अंतर तेवढंच राहणार. बाच काय, पाचूबंदरचे सगळे कोळी दोरीला लोंबकळले असते तरी ती घंटा मुकीच राहिली असती.

मी बागेत पळत गेले. बा केळीच्या बुंध्याशी पाणी वळवत होता.

"बा, तुझ्या हाताचा संबंधच नाही!" मी ओरडले.

त्याला कळेना. मी ओल्या मातीत काटकीने घंटा काढली, लोळा काढला, दोन्ही हात एकावर एक धरून झुलवून दाखवले. त्याने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं, मग आणखी एकदा.

"म्हंजे मी कितीबी वढली तरी नय वाजायची?"

"नाही वाजायची."

"आनी तो वढील तरी?" तो म्हणजे पुतण्या.

"तरी नाही."

बाने फावडं खाली ठेवलं, पाटाच्या पाण्यात तोंड धुतलं आणि बराच वेळ ओंजळ चेहऱ्यावर धरून बसला. संध्याकाळी तो कधी नव्हे तो देवळाच्या पायरीवर जाऊन सगळ्यांच्या मधोमध बसला आणि म्हणाला, "माज्या पोरीच्या गनितात आलंय. हाताचा दोष नय." काका हसला. म्हणाला, गणितात काय, पोथीत पण येतं. पण फादरांनी मला बोलावलं, फरशीवर खडूने तेच पुन्हा मांडायला लावलं, आणि विचारलं, मग करायचं काय?

उत्तर चौकटीतच होतं. दोघांची चाल जुळते हाच घोळ, तर ती मोडायची. लोळ्याला थोडा आळशी करायचा. गोळ्याच्या खाली लोखंडाची वीतभर शेपटी जोडली की तो घंटेच्या मागे रेंगाळेल, घंटा परत फिरेल तेव्हा हा अजून त्याच बाजूला जात असेल, आणि टक्कर होईल. गोळा काढायचा नव्हता म्हणून काकानेही फार खळखळ केली नाही. गाव आठवडाभर "गोळ्याला शेपूट" म्हणून हसत होतं.

लोहाराला पवित्र आठवड्यात वेळच होईना. प्रत्येकाची कोयती-फावडी सणाआधी हवी. शेपटी जोडून लोळा वर टांगेपर्यंत गुरुवारची मिस्सा उलटून गेली. आणि गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हटलं की घंटा बंद होतात, त्या शनिवारी सकाळच्या ग्लोरियापर्यंत. मधे लाकडी खटखटं वाजवायचं. घंटेला हात लावायचा नाही, एक ठोकासुद्धा द्यायचा नाही. म्हणजे माझं गणित खरं की खोटं हे तपासायची सोयच उरली नाही. ते थेट शनिवारी, भरल्या देवळात कळणार होतं.

ते दीड-दोन दिवस कसे काढले माझं मला माहीत. शुक्रवारी सगळं गाव काळ्या कपड्यांत, हळू आवाजात, आणि मी वळवळतेय. किल्ल्यापर्यंत चालत गेले, तिथून बंदरावर, बंदरावरून परत. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी बघितल्या तरी मला चौकट दिसायची. शेपटीचं वजन धरलं, पण जोडलेल्या कड्याचं? घड्याळ मागे पडत असेल तर? आणि बा मात्र निवांत होता. विहिरीवर हाताने पाणी ओढणं त्याने बंद केलं होतं. "गनितात आलंय ना?" तो म्हणाला आणि उपवासाची पेज शांतपणे पिऊन झोपला. मी कंदील ओढून तेच आकडे परत तपासायला बसले.

शनिवारी सकाळी देऊळ भरलं. मी बायकांच्या रांगेत न बसता मनोऱ्याच्या दाराशी, बाच्या शेजारी उभी राहिले. आईने दुरून डोळे वटारले, पण आता कोण बघतंय! दाराच्या दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ. फादरांनी ग्लोरिया सुरू केला. बाने दोरी ओढली.

वर घंटा हलली. आवाज नाही. बाने परत ओढली. जुन्या सवयीने उजवा हात वर गेला आणि अर्ध्यावरच थांबला. मी इतक्या जवळ होते की मला त्याच्या खांद्यातून आलेली कळ त्याच्या ओठांवर दिसली. त्याने डाव्या हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी, अंगाचं सगळं वजन टाकून. घंटा थोडी झुलायची आणि मंदावायची. मला वरून एक बारीक कुरकुर ऐकू येत होती, आणि मला सगळं लख्ख कळलं. माझं गणित बरोबर होतं. आता दोघांच्या चालीत फरक पडला होता, आणि म्हणूनच आता जोराला अर्थ आला होता. पुरेशी उंच झुलली तर घंटा वाजणार होती. ती तेवढी झुलत नव्हती, कारण बाच्या हातात तेवढं बळ राहिलं नव्हतं. ज्या चौकटीत मी बाला निर्दोष सोडवलं होतं, तिच्यात त्याचा हात मी कधी धरलाच नव्हता.

देवळात माना वळू लागल्या. पुढच्या बाकावरून काकाने मागे बघितलं.

बाने माझ्याकडे बघितलं. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते. अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "गनितात कय चुकलं काय गो?"

मला हो म्हणायचं होतं. देवाशप्पथ हो म्हणायचं होतं. चुकलं, बा, माझंच चुकलं, एवढं म्हटलं असतं तर दोष परत घंटेच्या माथी गेला असता आणि तो मान ताठ ठेवून घरी आला असता.  पण मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं, तेवढ्याने त्याला उत्तर मिळालं.

तो क्षणभर दोरी धरून उभा राहिला. मग त्याने ती पुतण्यापुढे केली. "वढ," तो म्हणाला, "जरा उंच जाऊ दे."

चुलतभाऊ मागे सरला. त्याला ती नको होती, त्याचे डोळे भरून आले होते. बाने त्याचा हात धरून दोरीवर ठेवला. त्याने एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली, आणि तिसऱ्या झोक्याला आमच्या डोक्यावर असा काही आवाज फुटला की मनोऱ्याच्या भिंती थरारल्या. एक, मग दुसरा, मग सलग. देवळातली माणसं उभी राहिली. लहान पोरांनी कान झाकले. लोक रडत होते, हसत होते, आणि काकाची छाती दोन इंच वर आली होती.

मी बाकडे बघू शकत नव्हते. मला त्या आवाजाची किळस आली होती. मला वाटत होतं, ती घंटा तिथेच तुटून खाली पडावी.

आणि बा ग्लोरियाच्या त्या गदारोळात, देवळाच्या दारात उभा राहून, आयुष्यात पहिल्यांदा फादरांच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "बगितलं काय? पोरीचं गनित बरोबर!"

मिस्सा संपल्यावर तो बायकापुरुषांना थांबवून थांबवून हेच सांगत होता. नंतर होळीच्या बाजारातही सांगायचा, केळीचे घड उतरवता उतरवता. ज्यांना बारकावा कळत होता त्यांना हेही कळत होतं की गणित बरोबर याचा अर्थ हात गेला. त्यालाही कळत होतं. तरी तो सांगायचा. लोक त्याला बराच काळ सवयीने "घंटावाले" म्हणत राहिले, आणि तो दरवेळी पुतण्याकडे बोट दाखवायचा.

परीक्षेत त्या पेपराला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. निकाल घेऊन मी घरी आले तेव्हा बा ओटीवर बसून डाव्या हाताने सुपारी कातरत होता. मी सांगितलं. त्याने अडकित्ता खाली ठेवला नाही.

"पडनारच," तो म्हणाला. "मी सोता तपासलंय."